महादुष्काळाचा पत्ता

"टाकू का?" कडूबांनी पत्ता वर धरून लेकाला, शिवराजला, विचारलं.

पत्ता होता महादुष्काळ. तो पडला की समोरच्यांची निम्मी जनावरं मरतात आणि टाकणाऱ्याची सगळी. सुटका एकच. टाकणाऱ्याच्या हातात अमृतकुंभाचा पत्ता असला, तर त्याचं एकही जनावर मरत नाही आणि डाव त्याचा. कुंभ नसताना महादुष्काळ टाकणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा! क्रांती चौकातल्या दोस्तांशी अदलाबदल करून शिवराजनं हे पत्ते जमवले होते. या उन्हाळ्यात त्यानं बापालाही खेळ शिकवला, आणि बाप असा रंगला की विचारू नका. पंखवाले घोडे काय, तीन तोंडांचे सिंह काय, म्हातारा सगळ्यांना शेरडंच म्हणायचा. कुंभाला म्हणायचा टँकर.

आजचा डाव मात्र साधा नव्हता. फर्दापूरची विहीर आटली म्हणून कडूबा शहरात पुंडलिकनगरला लेकाकडं आले होते. आता इथंही नळाला आठवड्यानं पाणी. पाणी कमी पडलं की पाहुण्यानं आपल्या पायानं उठावं, ही कडूबांसारख्या मेंढरांमागं हिंडणाऱ्यांची रीत. सकाळी रिकामा ड्रम बघून त्यांनी जाहीरच केलं, "आज जिंकलो तर उद्याच्या यष्टीनं गाव. हारलो तर ऱ्हातो." शिवराजची बायको तनुजा हिला सासऱ्यांचा लई लळा. तिनं मुकाट्यानं पत्ते पिसायला घेतले.

"टाका, मामा," आता ती म्हणाली.

कडूबांनी पत्ता टाकला. शिवराजची निम्मी जनावरं गेली, तनुजाचीही गेली.

"दाखवा कुंभ, आबा," शिवराज म्हणाला.

"कुठला टँकर? आपल्याकडं नाय बाबा." कडूबांनी आपली सगळी शेरडं पालथी घातली. "हारलो!"

हारून इतका खूश झालेला माणूस शिवराजनं कधी बघितला नव्हता.

"असं कसं?" तनुजा बोलून गेली. "कुंभ तुमच्याकडंच हाय!"

"तुला गं कसं ठावं?"

तनुजानं जीभ चावली. "मीच सरकवला पिसताना. दोन्ही पत्ते."

कडूबांचं तोंड उतरलं. "म्हंजी मला घालवायलीस व्हय?"

"अहो, नाय हो!" तिला रडूच फुटलं. "तुमचा जीव गावाकडं लागलाय असं वाटलं मला. जाणारच असाल तर जिंकून तरी जा, म्हटलं."

शिवराजनं बापाच्या मांडीखालून डोकावणारा कुंभ ओढून काढला. "आबा, ऱ्हायचंच होतं तर सरळ सांगायचं ना! ही पैज कशाला?"

"मग काय करू?" म्हातारा उसळला. "नळ कोरडा पडलेला, अन् सुनंला म्हणू, पोरी, मला ठिवून घे?"