पुन्हा मांडलेला प्रयोग

"दादा, आधी डोकं बाहेर काढ," म्हणत रेणुकानं फ्यूम हूडची काच खाली ओढली.

विषारी वाफा ओढून घेणाऱ्या त्या कपाटात तिच्या पीएचडीचा शेवटचा प्रयोग उकळत होता. प्रयोगशाळेतला तिचा सीनियर सौमित्र हसला. "अगं, काचेतून नीट दिसत नाही. आम्ही कायम असंच बघतो."

"नाही दिसलं तरी चालेल. काच वर जाणार नाही."

तो चिडून मागे सरला, एवढ्यात आत फ्लास्क फुटला. काचेवर आम्लाचे तपकिरी ओघळ उतरू लागले. पंखा घरघरत धूर वर ओढत राहिला. सौमित्रनं दोन्ही हातांनी चेहरा चाचपला आणि तो मटकन स्टुलावर बसला.

रेणुकाची कित्येक आठवड्यांची मेहनत कपाटाच्या तळाशी सांडली होती. धूर पूर्ण निवळल्यावर तिनं जाड हातमोजे चढवले, सगळं स्वच्छ केलं आणि नवा फ्लास्क काढला.

"आज राहू दे गं," सौमित्र हळूच म्हणाला.

"नको. आज घाबरून घरी गेले, तर उद्या इथं उभी राहायची हिंमत होणार नाही. मघाशी आच घाईनं वाढवली मी. आता हळूहळू वाढवू."