विमानाच्या शेपटीतली भुकटी

चिमाजीने शेपटीच्या झाकणातून बोट आत फिरवलं आणि बाहेर काढलं, ते पांढऱ्या भुकटीने माखलेलं. नवा पत्रा बसवून महिना होत नाही तोच पुन्हा तेच.

"काका, हे मिठानं खाल्लंय," शेजारी वाकलेला बिलाल म्हणाला. "माझ्याकडं समुद्रावर झालं असतं तर समजलं असतं. किकवीत मीठ आलं कुठनं?"

चिमाजीलाही तोच प्रश्न पडला होता. एसटीच्या वर्कशॉपमध्ये पत्रे ठोकण्यात हयात गेलेल्या या माणसाने निवृत्तीनंतर घरामागच्या शेडमध्ये विमान बांधायला घेतलं, तेव्हा गावाने त्याला वेड्यात काढलं होतं. आता तेच गाव पाहुणे आले की त्यांना मिरवत शेड दाखवायला आणायचं.

बिलाल मूळचा भोरचा, पेशाने वैमानिक. कोकणात समुद्रकाठी त्याची छोटी धावपट्टी होती आणि विमान तिथेच राहणार होतं. खारा वारा अल्युमिनियमला वाळवीसारखा पोखरतो, असं त्याने पहिल्याच भेटीत बजावलं होतं. म्हणून चिमाजीने एकेक पत्रा दोन्ही अंगांनी रंगवूनच जोडला, सांधे भरून घेतले, पोलादी बोल्टखाली प्लास्टिकचे वायसर घातले, पाणी निथळायला पोटाला भोकं पाडली. पोटच्या पोराला कुणी इतकं जपत नाही.

"शेपूट अशी सडत राहिली तर मी हे उडवू देणार नाही, काका," बिलाल निघताना म्हणाला. "परवा विमान न्यायला येणारा टेम्पो सध्या नको."

तो गेल्यावर चिमाजीने बोट जिभेला लावलं. खारट. झाकणाच्या कोपऱ्यात तर एक खडाच अडकला होता. वाऱ्याबरोबर खडेमीठ येत नाही. कुणीतरी आत टाकत होतं.

नाव एकच सुचलं, आणि ते सुचलं याचीच त्याला लाज वाटली. रतनबाई. त्याची बायको.

विमानाबद्दल तिच्या तोंडून कधी बरा शब्द निघाला नव्हता. कुणी "काय देखणं झालंय" म्हणालं की ही फटकन म्हणायची, "कशाचं देखणं? भंगार हाय समदं." कधी उडणार असं विचारलं, तर "ते कुठलं उडतंय?" चिमाजी हसण्यावारी न्यायचा, पण मनाला लागायचं.

दिवेलागणीला तो शेडमागे जाऊन पत्र्याच्या फटीला डोळा लावून उभा राहिला. आपल्याच घरी चोरासारखं उभं राहायची वेळ यावी, याचं त्याला हसूही आलं. फटीतून शेपटीखेरीज काही दिसत नव्हतं. थोड्या वेळाने पावलं वाजली. बांगड्या किणकिणल्या. मग ओळखीचा हात पुढे आला, झाकण सरकलं, मूठ आत गेली आणि रिकामी होऊन बाहेर आली.

चिमाजीने फटीवरून डोळा काढला. पत्रा काय, पुन्हा ठोकता आला असता. पण हिलाच नको असेल तर उडायचं तरी कुणासाठी? तो वळसा घालून दारात आला.

"रतन, नका उडू म्हणाली असतीस तर म्या ऐकलं नसतं व्हय? असं चोरून कशाला मारतीस?"

"कोण मारतंय?" रतनबाई दचकली.

"मीठ टाकतीस न्हवं आत?"

"टाकते की," ती पदराला हात पुसत म्हणाली.

"का पण?"

रतनबाईने दाराबाहेर नजर टाकली. कुणी ऐकत नाही याची खात्री करून तिने आवाज खाली आणला.

"लई गोड दिसतंय वो ते. समदं गाव डोळं लावून बसलंय. म्हणून दृष्ट काढते. उतरलेलं मीठ चुलीत टाकायचं असतंय, पर हितं पेट्रोलचा वास. वाटंवर टाकावं तर कुणी वलांडायचं. मग शेपटीत सारते. आदी निस्तं आईतवारी काढत व्हते. पर तो पयला पत्रा नासला, तवा म्हटलं नजर लई जबर हाय, तवापास्नं रोज काढते."