तळहाताची साक्ष

वीस चेंडू टाकून झाले. धाकटीने कपाळावरचा घाम बाहीला पुसला आणि सरांकडे पाहिलं. सर तिच्याकडे बघतच नव्हते. ते कॅचरची, म्हणजे तिच्या दादाची, वाट बघत होते.

या बेसबॉल क्लबात वेग मोजायचं यंत्र नव्हतं. ते आणायचा विषय काढला की सर चिडायचे. "यंत्राला काय कळतंय? तळहात खोटं बोलत नाही." पिचर व्हायचंय त्याने वीस चेंडू टाकायचे. कॅचरने ते झेलायचे, ग्लोव्ह काढायचा आणि तळहात सरांच्या नाकासमोर धरायचा. लालबुंद असला तर पिचर टीममध्ये. नसला तर घरी. तीस वर्षं हेच चाललं होतं, आणि तीस वर्षांत या कसोटीला एकही मुलगी उभी राहिली नव्हती.

राहू दिली तर ना! पहिल्या वर्षी सर म्हणाले, मुलींना कपडे बदलायला खोली नाही. दुसऱ्या वर्षी ती घरूनच खेळायचे कपडे घालून आली, तर म्हणाले, बाहेरगावच्या सामन्यांना तुझ्यासोबत कोण येणार? यंदा ती म्हणाली, दादा असतोच की. तर म्हणाले, अर्जावर आईची सही हवी, तीसुद्धा माझ्यासमोर. मुलांच्या आयांच्या सह्या सोडा, निम्म्या मुलांचे अर्जही नव्हते. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे तिला नाचता येत होतं आणि अंगण दरवर्षी नव्याने वाकडं केलं जात होतं.

त्यात दादाची वेगळीच तऱ्हा. वर्षभर रोज सकाळी गोदामामागच्या बोळात तो तिचे चेंडू झेलायचा. रोज ती विचारायची, "आज कसा होता?" रोज तो जांभई देत सांगायचा, "मुंगी चावल्यासारखंही वाटत नाही." तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. दुसऱ्या दिवशी ती आणखी जोर लावायची. घरी आलं की आईचं सुरू. भांडी घासायचा स्पंज पुन्हा गायब. "या घरात स्पंज खातं तरी कोण?" भांडी धाकटीच्या वाट्याची, म्हणून बोलणीही तिच्याच वाट्याची. आपण काहीही केलं तरी कमीच पडतं, असं तिला हल्ली खरंच वाटायला लागलं होतं.

आज मात्र वाकडं करायला अंगणच उरलं नव्हतं. आई कामावर अर्धी रजा टाकून थेट मैदानावर आली होती. खांद्याला पर्स, हातात पेन, कपाळावर आठ्या. आधी दोन मुलांची कसोटी झाली. दादाचा तळहात लाल झाला, दोघांनाही सरांनी घेतलं. एक जागा राहिली. धाकटीचा नंबर आला आणि दादाला नेमकी तहान लागली. ग्लोव्ह काखेत मारून तो नळामागच्या खोलीत गेला, तो चांगली पाच मिनिटं आलाच नाही.

"आत्ताच मुहूर्त लागला होता का?" ती पुटपुटली होती.

आता तो सरांसमोर आला. ग्लोव्हमधून हात काढून त्याने पुढे धरला. तळहात कोरा होता. मुलांनी केलेला लालपणाही उतरून गेला होता.

"बघ बाळा," सर म्हणाले. त्यांचा आवाज चक्क मऊ होता, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. "मी काही म्हणत नाही. तळहात म्हणतोय."

धाकटीने दादाकडे पाहिलं. तो स्वतःचे बूट बघत होता. त्याने नेहमीसारखी जांभई दिली असती तरी तिला बरं वाटलं असतं.

"अहो, सही कुठे करू ते सांगा," आई म्हणाली. "मला परत कामावर जायचंय."

"सही लागणार नाही ताई."

"लागणार नाही? मग मला इथवर बोलावलंत कशाला?" आई तडकली. तिने पेन पर्समध्ये टाकलं, दादाने बाकावर ठेवलेला ग्लोव्ह तरातरा उचलला आणि म्हणाली, "चला घरी दोघंही."

पण ती स्वतः जागची हलली नाही. ग्लोव्हच्या तोंडातून काहीतरी पिवळं डोकावत होतं. तो पिवळा रंग तिने झोपेतही ओळखला असता. तिने दोन बोटं आत घालून ओढलं. एक स्पंज निघाला. मग दुसरा. तिसरा तर तिने सोमवारीच आणलेला.

"माझे स्पंज!" आई ओरडली. "आणि वर्षभर मी या पोरीला बोलतेय!"

मैदानावर कुणी हसलं नाही. सरांनी एक स्पंज घेतला, चिमटीत दाबून पाहिला. तिन्ही एकावर एक ठेवून त्यांची जाडी बघितली. मग त्यांनी धाकटीकडे पाहिलं, तीन वर्षांत पहिल्यांदाच नीट.

"पुन्हा वीस," ते दादाला म्हणाले. "स्पंज न घालता."

धाकटी तोवर चेंडू घेऊन जागेवर जाऊन उभीही राहिली होती. बाही वर सारत होती. दादाने मात्र ग्लोव्ह घ्यायला हात पुढे केलाच नाही. लहानपणी आई कडू औषध घेऊन आली की लपवायचा, तसे त्याने दोन्ही हात पाठीमागे लपवले होते.

"घ्या ना सर तिला टीममध्ये," तो म्हणाला, "पण वीस नको. मागे एकदा नुसत्या ग्लोव्हने दोनच झेलले होते, तर आठ दिवस शर्टाची बटणं लावता येत नव्हती."