नाव हळू सांगा

भीमेच्या पुरात तारखांब वाहून गेले. गावातून बाहेर बोलायला रामहरीचा हौसेचा वायरलेस तेवढा उरला. कुंडलिक नदीकाठच्या मळ्यात बाभळीवर अडकलाय, होडी मागवा, असं सांगून लोक नदीकडं पळाले. रामहरीनं माइक उचलला, पण तो बटण दाबेना. याच कुंडलिकनं बांधाच्या भांडणात त्याच्या एकुलत्या पोराला कुऱ्हाडीनं तोडलं होतं, आणि जामिनावर सुटून तो गावात उजळ माथ्यानं फिरत होता.

“मशीन बंद पडलं म्हणू,” तो बायकोला म्हणाला.

चातुर्मासात पायाखाली मुंगी आली तरी हात जोडणारी कुशाबाई शेजारी येऊन बसली. “बोला,” ती हळूच म्हणाली.

रामहरी भराभरा बोलला. पलीकडं इंदापूरच्या ऑपरेटरला काहीच उमगेना.

“हळू सांगा,” कुशाबाई म्हणाली. “घाईनं बोललं की होडी भलतीकडं जाती, हे तुमीच सांगता न्हवं? आधी नाव, मग मळा, मग झाड. अन् सगळं त्यांच्या तोंडून परत म्हणवून घ्या.”

त्यानं तसं केलं. इंदापूरनं शब्दन् शब्द परत म्हणून दाखवला. होडी निघाली.

रामहरीला हुंदका फुटला. “पोराच्या वैऱ्याला वाचवलंस. एवढी माया आणलीस कुठनं गं?”

“मंगळवारी पुण्याच्या कोर्टात त्याच्या फाशीचा निकाल हाय,” कुशाबाई त्याच मऊ आवाजात म्हणाली. “तवर त्याच्या केसालाबी धक्का लागाय नगं.”