भिंतीवरची काच

फडक्यावर आकडे उतरले.

आईनं फडकं उजेडात धरलं आणि भिंतीकडे पाहिलं. खिडकीच्या कोपऱ्यापासून जमिनीपर्यंत तडा आलेला होता. त्यावर काचेची एक अरुंद पट्टी आडवी चिकटवलेली होती आणि पट्टीवर लाल मार्करनं तारीख लिहिलेली होती, चार महिन्यांपूर्वीची. आता त्यातला महिना पुसला गेला होता. चार महिन्यांची शाई अशी हाताला लागत नाही. तिनं कडेच्या प्लास्टरला नख लावून पाहिलं. नख आत रुतलं.

परवा ती आली तेव्हा मुलीनंच हौसेनं दाखवलं होतं. डोंगर थांबलाय की अजून सरकतोय, ते ही काच सांगते. महिन्यातून एकदा इंजिनिअर येऊन बघून जातो. काच शाबूत तर राहा. फुटली तर त्याच दिवशी घर खाली करायचं.

"पुसलीस होय?" मुलगी दारात उभी होती. "दोन दिवस आलीस, पण तुला धूळ म्हणून बघवायची नाही."

आईनं फडकं खाली ठेवून माळ हातात घेतली. उठल्यापासून दुपारी बारापर्यंत तिचं मौन असे. बाराला हातातली माळ डोळ्यांना लावायची आणि मग पहिला शब्द. लग्नाआधीपासूनचा नेम होता. लहानपणी मुलीला तो फार सोयीचा वाटायचा. बरणी फोडली, गणितात नापास झाली, सगळं सकाळीच सांगून मोकळी. बारा वाजेपर्यंत आईचा राग निम्मा उतरलेला असे.

"सांगूनच टाकते," मुलगी म्हणाली. तिनं कपाटावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला.

डब्यात कागदाच्या पुड्या होत्या. आईनं एक उलगडली. आत दोन तुकडे झालेली काचेची पट्टी. कागद म्हणजे रोज फाडायच्या कॅलेंडरचं पान होतं, ज्या दिवशी काच फुटली त्या दिवसाचं.

"नवी चिकटवली की फुटलेली गुंडाळून ठेवते, पोरीच्या पायात जायला नको. बाहेर टाकली तर शेजारी बघणार." ती खाली बसली. "डोंगर सरकला तेव्हा आठ महिने सरकारी शेडमध्ये काढलेत, आई. एका नळावर चाळीस बायका. आता कुठे रस्ता सुरू झालाय. समोरचा लॉजवाला रंग काढतोय, गाड्या यायला लागल्यात. सगळ्यांचं मार्गी लागतंय आणि मी परत पत्र्याखाली जाऊ? तुझे जावई तर मला म्हणतात, भिंत तुझ्यापेक्षा कमी कुरकुरते."

ती हसली. आई हसली नाही. तिनं पुड्या तारखेनं ओळीत लावल्या. पहिल्या दोन पुड्यांत महिन्याचं अंतर होतं. पुढची पंधरा दिवसांनी. मग आठवड्यानं. मग तीन दिवसांनी. शेवटच्या पुडीवर आजचं पान होतं. पहाटे आई अंघोळीला गेली होती, तेव्हाच बदललेली असणार.

त्याच भिंतीपलीकडे, आतल्या खोलीत, नात तापानं झोपली होती. तिची गादी भिंतीला लागूनच होती.

आईच्या हातातली माळ थांबली. तिनं मुलीचं मनगट धरलं.

"अशी बघू नकोस," मुलगी मनगट सोडवून घेत म्हणाली. "बारानंतर काय बोलायचं ते बोल."

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. मुलीनं झटकन पुड्या डब्यात भरल्या, डबा आईच्या मांडीवर ठेवला आणि मार्करनं काचेवरचा पुसलेला महिना पुन्हा लिहिला. अक्षर हुबेहूब जमलं होतं. सवयीचं झालेलं.

इंजिनिअर आत आला. बूट दाराशी काढले, टॉर्च मारून काच पाहिली. "वा. शाबूत. या गल्लीत एवढंच घर गुणी आहे, ताई." मग आईकडे वळून म्हणाला, "आजी, भिंतीतून काही आवाजबिवाज?"

"आईचं बारापर्यंत मौन असतं," मुलगी म्हणाली.

"अरे वा. आमच्या घरी येऊन जरा शिकवा."

त्यानं वही उघडली. मुलीनं चहाचं विचारलं. तो नको म्हणाला, अजून अकरा घरं बघायची होती. घड्याळात बाराला दहा कमी होते. दहा मिनिटांत तो दोन वळणं खाली गेला असता.

आई उठली. डब्याचं झाकण काढून तिनं तो त्याच्या उघड्या वहीवर ठेवला.

"आई," मुलगी म्हणाली. तेवढंच.

त्यानं एक पुडी उलगडली. मग दुसरी. तिसरी उलगडली नाही, नुसत्या तारखा बघत गेला. आजचं पान हातात आलं तेव्हा त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. मुलगी त्याच्यासमोर उभी होती, भिंतीकडे पाठ करून.

आई मात्र तिच्या खांद्यावरून भिंतच बघत होती. लाल तारखेच्या मधोमध, केसाएवढी एक रेघ वरून खाली आली. आवाज झाला नाही.

"पोरीला उचल."

मुलीनं वळून आईकडे पाहिलं. सकाळच्या वेळी हा आवाज तिनं आयुष्यात ऐकला नव्हता. का म्हणून न विचारता ती आत धावली.