सरळ केलेला चेहरा

ओठ वाकडा होता. शिल्पा मॅडमनी कागद लांब धरून पाहिला, उलटा धरून पाहिला, तरी वाकडाच. एका बाजूला ओठाचं टोक थेट गालात चढलेलं, त्याच बाजूचा डोळा बारीक झालेला. दुसरी बाजू मात्र कशी शांत, सुरेख! नववीतल्या मुलीने अर्धा चेहरा इतका छान साधावा आणि उरलेल्या अर्ध्याची अशी वाट लावावी? मॅडमचे हात शिवशिवायला लागले.

प्रदर्शनाआधी मुलांच्या चित्रांवर हात फिरवणं हा चित्रकलेच्या शिक्षकांचा जुनाच रोग. कुणी कबूल करत नाही, पण करतात बहुतेक सगळे. कुणाच्या आकाशात थोडा निळा, कुणाच्या झाडाखाली थोडी सावली. त्यात भोपाळच्या कोलार रोडवरच्या या शाळेत आज पालक येणार, पाहुणे येणार, आणि काही कमीजास्त दिसलं तर बोल मॅडमलाच. सकाळपासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. बसल्या की उठत होत्या, उठल्या की कुठलं तरी चित्र सारखं करत होत्या. टेबलावरचा चहा केव्हाच गार झाला होता.

"मॅडम, आई येणार आहे!" अबोली दारातूनच ओरडली. चित्र तिचंच होतं. विषय होता 'माझ्या घरातलं माणूस', आणि तिने आई काढली होती. वर्गात मराठी घरातली ती एकटीच, त्यामुळे मॅडमशी जरा हक्काने बोलायची. "दिवाळीपासून ती घराबाहेरच पडलेली नाही. बरं नव्हतं ना तिला. पण मी म्हटलं, तुझं चित्र लागणार आहे, तर चक्क हो म्हणाली!"

"बरं बरं. जा, हॉलमध्ये खुर्च्या लाव."

"नाही आली तर?"

"येईल गं! डोकं नको खाऊ माझं आता."

पोर पळाली. मॅडमनी दार लोटलं आणि ट्रेसिंग पेपर काढला. अर्धी नक्षी काढून उरलेली अर्धी छापायची, हे त्या सहावीपासून मुलांना शिकवत आल्या होत्या. त्यांनी चेहऱ्याची शांत बाजू उतरवून घेतली, कागद पालटला, वाकडी बाजू खोडरबराने साफ पुसली आणि त्या जागी चांगली बाजू उमटवली. चेहरा जरा गंभीर झाला खरा, पण सरळ झाला. मॅडमना हायसं वाटलं. चित्र हॉलमध्ये दर्शनी भिंतीवर लागलं.

"वाह मैडम, एकदम फोटो लग रहा है!" प्रिन्सिपल सर म्हणाले. अबोलीने मात्र चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही. तिची सारखी फाटकाकडे धाव. पाहुणे आले, भाषण झालं, समोसे वाटले गेले. पोरीचं लक्ष कशात म्हणून नव्हतं.

शेवटी आई आली, स्कूटीवरून, चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळून. भोपाळच्या उन्हात बायका असंच तोंड बांधून फिरतात, कुणाला काही वेगळं वाटायचं कारण नव्हतं. पण हॉलमध्ये आल्यावरही तिने स्कार्फ सोडला नाही. अबोलीने तिचा हात धरून ओढतच तिला भिंतीपाशी आणलं.

"आता तरी सोड ना तो. बघ!"

प्राजक्ताने, म्हणजे अबोलीच्या आईने, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच स्कार्फ खाली केला. शेजारी उभ्या शिल्पा मॅडमनी ते पाहिलं. लकवा. चेहऱ्याची एक बाजू जागची हलत नव्हती. तीच, शांत बाजू. मॅडमनी नेमकी तीच दोनदा छापली होती.

प्राजक्ता चित्राकडे बघत राहिली. "छान आहे," ती म्हणाली. शब्द एकाच बाजूने बाहेर पडत होते. "ही मी आजाराच्या आधीची. तुलाही तीच आई हवी ना? बरोबरच आहे तुझं."

तिने स्कार्फ पुन्हा वर ओढला. अबोलीने आत्ता कुठे चित्र नीट पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने मॅडमकडे पाहिलं.

मॅडम गप्प राहिल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं. प्रिन्सिपल सर पाहुण्यांना घेऊन इकडेच येत होते. मॅडमना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"ताई, हे हिने नाही केलं," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "हिने तुम्हाला आत्ता आहात तसंच काढलं होतं. मला ओठ वाकडा वाटला. मी तो पुसून सरळ केला. चुकलंच माझं."

पण झालं भलतंच. प्राजक्ता लेकीकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"म्हणजे माझं हे वाकडं तोंड तू अख्ख्या शाळेला दाखवणार होतीस?"

"वाकडं कुठलं गं!" अबोलीला रडूच कोसळलं. "त्या दिवशी बाबांनी पोळी लाटली, आणि तू म्हणालीस, हा तर छत्तीसगडचा नकाशा झाला. आठवतंय? आजारी पडल्यावर तेव्हा पहिल्यांदा हसलीस तू. मी ते हसू काढलं होतं, आई. जेवढं आलं होतं तेवढं."