कारवीवरचा तांबेरा

कीर्तनाच्या मध्यंतरात बुक्क्याची वाटी वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक नलिनीपुढे आली, तर कपाळी लावायचं सोडून ती चिमूट बोटांत चोळून उजेडात बघू लागली.

"काय मॅडम, बुक्क्यातही नवी जात निघाली?" बुवांनी विचारलं, तशा पुढच्या बायका हसल्या.

ओशाळून तिनं मनातली तगमग सांगून टाकली. कारवीच्या पानांवर तिला तांबेऱ्याची बुरशी सापडली होती, आजवर कुणीच न नोंदवलेली. पण तांबेरा कुठल्या झाडावर जगतो, ही त्याची अर्धी ओळख. आणि तिथे तर दोन जातींच्या कारव्या शेजारी-शेजारी, फुलल्याशिवाय वेगळ्या न ओळखू येणाऱ्या. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, पुढच्या फुलोऱ्याला अजून चार वर्षं. तोवर दुसऱ्या कुणी ही बुरशी जाहीर केली, तर तिचं नावही तोच ठेवणार.

"सहकारी म्हणाले, दोन्हींतली एक ठोकून दे. मी लिहिलीसुद्धा. पण शोधनिबंध पाठवायला हात धजत नाही, बुवा."

बुवांनी घोटभर पाणी घेतलं. "कथेतल्या नगरीचं नाव आठवेना, की मी 'कोणे एका नगरीत' म्हणतो आणि पुढे जातो. भलतीच नगरी नाही सांगत."

"परीक्षक निबंध परत पाठवतील."

"माझेही श्रोते उठून जातात कधीकधी."

नलिनीनं खांबाला टेकून मोबाइलवर निबंध उघडला. कारवीच्या जातीचं नाव खोडलं, 'जात फुलल्यावर ठरेल' असं लिहिलं आणि निबंध पाठवून दिला. तिकडे बुवांनी उत्तररंग सुरू केला, आणि पूर्वरंगातलं अक्षरही न ऐकलेली नलिनी पुढे सरकून बसली.